सनमायकाचा बिट घेताना धार मी सगळ्यात शेवटी बघतो

ट्रिमरला, म्हणजे कडा कापायच्या हातातल्या मशिनला, सनमायका कापायला कुठला बिट (फिरणारं पातं) घ्यावा, असं विचारणारे फोन मला बरेच येतात. उत्तर एका वाक्यात देता येतं: अर्धा इंच व्यासाचा, दोन धारांचा, कार्बाईडचा, खाली बेअरिंग असलेला फ्लश ट्रिम बिट, म्हणजे शीट कडेच्या बरोबरीत कापणारा. हे ऐकलं की समोरचा "बरं बरं" म्हणून फोन ठेवतो, दुकानात जातो आणि नेमका याच वर्णनाचा, पण घेऊ नये असा बिट घेऊन येतो. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून ठेवतोय. पुढचा फोन आला की हेच पाठवून देईन.

आधी एक सांगतो, मी सुतार नाही. माझी नोकरी भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये झाली, लेथवर आणि नंतर ग्राइंडिंगवर. रिटायर झाल्यावर मोशीला पुतण्याच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला लागलो. किचनची शटरं (कपाटांची दारं), वॉर्डरोब, टीव्ही युनिट असली कामं तिथे चालतात. आमचे मिस्त्री राजस्थानचे, हात अतिशय साफ. मी खिशातून व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं मोजमाप) काढला की ते हसतात. "काका, लकडी है, लोहा नहीं है." खरंय त्यांचं. प्लायवूडचं काम मिलिमीटरमध्ये चालतं आणि तेवढं पुरतं. पण सनमायकाची कड हा त्यातला अपवाद आहे. तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हिशेब आहे, आणि तो बिट विकत घेतानाच ठरून जातो. नंतर हात कितीही साफ असून काही फार फरक पडत नाही.

सनमायका म्हणजे मुळात कागद. तपकिरी क्राफ्ट पेपरचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले, वर डिझाईनचा कागद मेलामाईन रेझिनमध्ये भिजवलेला, आणि हे सगळं उष्णतेने आणि प्रचंड दाबाने एकजीव केलेलं. बाहेरच्या बाजूला आपण लावतो ती शीट १ मिमीची, कपाटाच्या आतून ०.७ किंवा ०.८. कागद म्हटल्यावर माणसाला वाटतं, यात काय कापायचंय! पण वरचा मेलामाईनचा थर धारेला घासून खातो. साध्या एचएसएसच्या (हायस्पीड स्टीलच्या) बिटची धार त्यावर बघता बघता बसते. त्यामुळे कार्बाईडला पर्याय नाही, आणि आता बाजारात मिळतात ते जवळजवळ सगळे कार्बाईडचेच. पोलादाच्या अंगावर कार्बाईडच्या पट्ट्या ब्रेझ केलेल्या, म्हणजे झाळून जोडलेल्या, असतात. ब्रेझिंगची रेघ भिंगातून बघावी. मध्ये भोकं किंवा काळपट पोकळी दिसली तर तो बिट दुकानदाराला परत द्यावा. तीस हजार आरपीएमला ती पट्टी सुटली तर कुठे जाईल सांगता येत नाही.

धारेबद्दल एवढंच. दुकानदार नेमकं तेच दाखवत असतो. बिट उजेडात फिरवून "बघा काय चमकतंय" म्हणतो. चमक सगळ्यांनाच असते. मी सुरुवात उलट्या टोकाकडून करतो, म्हणजे शँककडून, मशिनमध्ये जाणाऱ्या दांडीकडून.

आपल्याकडे ट्रिमरला दोन मापांचे शँक चालतात, ६ मिमी आणि पाव इंच. पाव इंच म्हणजे ६.३५. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात आणि दुकानात एकाच डब्यात पडलेले असतात. पाव इंची बिट ६ च्या कोलेटमध्ये (मशिनच्या बिट पकडणाऱ्या चिमटीत) जातच नाही, त्यामुळे तो धोका नाही. माणूस फार तर चडफडत परत दुकानात जातो. धोका उलटा आहे. ६ चा बिट पाव इंची कोलेटमध्ये आरामात जातो, नट आवळला की पकडल्यासारखा वाटतो, आणि काम सुरू झालं की हळूहळू खाली सरकतो. फ्लश बिट असेल तर बेअरिंग शटरच्या कडेवरून खाली उतरतं आणि मग धरायला काही नसल्यामुळे धार थेट प्लायमध्ये घुसते. काही जण शँकला कागद किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळून ती फट भरतात. कृपा करून हे करू नका. बिट एका बाजूला सरकून फिरतो, दोन धारांपैकी एकच कापते आणि दुसरी नुसती हवा खाते. आमच्याकडे मकिता ३७०९ आहे, ३०,००० आरपीएम. पुतण्याच्या मित्राकडे बॉशचा जीकेएफ ५५० आहे, तो ३३,००० ला फिरतो. एवढ्या वेगात पाव मिलिमीटरचा खेळसुद्धा हाताला मुंग्या आणतो. आपल्या मशिनमध्ये कुठलं कोलेट आहे ते घरून निघायच्या आधी बघून, कागदावर लिहून खिशात ठेवावं. कोलेटवरच माप कोरलेलं असतं, पण भुशाने भरलेलं असल्यामुळे दिसत नाही. जुना टूथब्रश मारला की दिसतं.

आता बेअरिंग. मला विचाराल तर बिटची निम्मी किंमत या वाटाण्याएवढ्या वस्तूची आहे.

कडेबाहेर आलेला सनमायका धार कापते, पण कुठवर कापायचा हे बेअरिंग सांगतं. बेअरिंग शटरच्या कडेला टेकून चालतं आणि त्याच्या वरची धार त्याच रेषेत सनमायका उतरवते. म्हणजे बेअरिंगचा व्यास आणि धारेचा व्यास एक असला पाहिजे. पाकिटावर दोन्ही अर्धा इंच लिहिलेलं असतंच. पण लिहिलेलं माप आणि असलेलं माप यात किती अंतर असू शकतं, हे मी नोकरीत रोज बघितलंय.

म्हणून दुकानात मी व्हर्निअर काढतो. आधी बेअरिंगचा बाहेरचा व्यास. मग धारेवरचा, दोन्ही धारांच्या टोकाटोकांत. इथे जबडे फक्त टेकवायचे, दाबायचे नाहीत; कार्बाईड कडक तितकंच ठिसूळ असतं, पोलादी जबड्याने त्याची कड उडू शकते. बिट बोटांनी थोडा थोडा फिरवत जायचं आणि माप जिथे सगळ्यात मोठं येईल ते धरायचं. बेअरिंग १२.७० मिमी (म्हणजे अर्धा इंच) आणि धार १२.७० आली की बिट घ्यायचा म्हणून बाजूला काढून ठेवायचा. व्हर्निअरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२, त्यामुळे एका रेघेच्या फरकाकडे मी दुर्लक्ष करतो. बेअरिंग १२.७० आणि धार १२.५० आली तर? फरक ०.२०, पण व्यासात. कडेवर उमटतो त्याच्या निम्मा, ०.१०. एवढी सनमायकाची पायरी कडेबाहेर राहणार. ती नखाला लगेच कळते, आणि किचनच्या शटरवर पुसायचं फडकं बरोबर तिथेच अडकतं.

याच्या उलट असेल, म्हणजे धार मोठी आणि बेअरिंग लहान, तर प्रकरण वाईट. धार सनमायका तर कापतेच, शिवाय खालच्या कडेवर आधी लावलेल्या सनमायकाच्या पट्टीचा वरचा डिझाईनचा थर खरवडते. शटरच्या पूर्ण लांबीभर एक भुरकी रेघ येते. तिला इलाज नाही. लेथवर शाफ्ट ओव्हरसाईझ राहिला तर पुन्हा कट घेता येतो. अंडरसाईझ झाला की भंगारात. इथेही तोच न्याय. दोन्ही मापं तंतोतंत जुळणारा बिट नाहीच मिळाला तर बेअरिंग किंचित मोठं असलेला घ्यावा. उरलेलं कानसीने काढता येतं.

मुंबईला गेलो की नागदेवी स्ट्रीटला माझी एक चक्कर असते. तिथल्या एका दुकानदाराने मला एकदा विचारलं होतं, "काका, बिट घेताय की सोनं?" पण मग त्यानेच अख्खा ट्रे समोर ठेवला आणि स्वतःच्या कुतूहलापोटी तोही मापं बघायला वाकला. एकाच पेटीतले, एकाच कंपनीचे बिट, आणि मापं दर वेळी थोडी वेगळी. महाग बिटांत हा फरक कमी सापडतो हे खरं, पण सापडत नाही असं नाही. स्वस्त बिटांतही एखादा अगदी पक्का निघतो. मापणाऱ्याला तो तेवढ्याच पैशांत मिळतो, एवढाच काय तो व्हर्निअरचा फायदा.

बेअरिंग बोटाने फिरवून बघावं. ते सहज फिरलं पाहिजे पण खडखडता कामा नये. बाजूला हलवलं तर हलता कामा नये. याचं कारण एका हिशेबात सांगतो. अर्ध्या इंचाच्या बेअरिंगचा परीघ होतो साधारण ४० मिमी. आपण ट्रिमर मिनिटाला ३ मीटर वेगाने नेतोय असं धरा. मग कडेवरून चालताना बेअरिंगचं बाहेरचं कडं मिनिटाला जेमतेम ७५ वेळा फिरतं. आत बिट मात्र तीस हजारला घोंगावत असतो. आता त्या बेअरिंगमध्ये फेविकॉल किंवा भुसा जाऊन ते जाम झालं, तर बाहेरचं कडंही बिटबरोबर तीस हजारला फिरायला लागेल, म्हणजे कडेवर सेकंदाला २० मीटर वेगाने घासेल. कडेवर कधीकधी जी काळी, जळकी पट्टी दिसते, तिचा दोष लोक धारेला देतात. धार बिचारी चांगली असते. जळवलेलं असतं जाम बेअरिंगने.

म्हणून कामाच्या आधी कडेवरचा सुकलेला फेविकॉल पटाशीने किंवा स्क्रॅपरने साफ करायचाच. शीट रात्रभर वजनाखाली ठेवली की बाजूने ओघळ येतात आणि सकाळी ते दगडासारखे झालेले असतात. बेअरिंग त्यावरून रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरसारखं उडी मारून जातं, आणि वर धारही तेवढीच बाहेर सरकते. सनमायकाच्या कडेला प्रत्येक ओघळाच्या जागी एक फुगवटा राहतो. एसआरसारखं रबरी सोल्यूशन वापरलं असेल तर ओघळ नसतो, पण ते चिकट राहतं आणि बेअरिंगला गुंडाळत जातं. तिथे कडेवर मास्किंग टेप लावून घेणं बरं. साफ करताना अख्खा बिट थिनरच्या डबीत बुडवून ठेवायची पद्धत मी पुष्कळ ठिकाणी पाहिली. धार स्वच्छ होते, आणि बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघतं. ॲलन कीने तो बारका स्क्रू काढा, बेअरिंग बाजूला ठेवा, मग खुशाल बुडवा. बेअरिंग वेगळं विकतही मिळतं. आतलं भोक ४.७६ आणि बाहेर १२.७० हे माप सांगितलं की बेअरिंगच्या दुकानातला माणूस बाकी काही विचारत नाही. आमच्या ड्रॉवरमध्ये दोनचार कायम पडलेली असतात.

बाहेर एक वेगळा प्रकारही मिळतो, ज्यात पोलादी बेअरिंगवर चौकोनी प्लास्टिकचं टोपण असतं. तो चौकोन फिरतच नाही, कडेवरून नुसता सरकत जातो. चकचकीत पट्टीवर ओरखडा उमटत नाही आणि गोंद चिकटला तरी गुंडाळला जात नाही. हाय ग्लॉसची कामं जास्त असतील त्यांनी जरूर घ्यावा. आमच्याकडे मॅट जास्त चालतो, त्यामुळे मला त्याची फारशी गरज पडलेली नाही.

बेअरिंग नसलेलेही बिट असतात. पूर्ण सॉलिड कार्बाईडचा, पाव इंची, खाली नुसतं गुळगुळीत टोक. ते टोकच कडेला घासत चालतं. घासतं म्हणजे तापतं आणि डाग पाडतं, म्हणून कडेवर मेणबत्ती फिरवून घ्यायची. रोजच्या शटरसाठी मी हा बिट कधीच सुचवणार नाही. पण त्याचा व्यास लहान असल्यामुळे तो अशा ठिकाणी जातो जिथे अर्धा इंची जात नाही. प्लायमध्ये स्विचबोर्डचा किंवा वायर काढायचा खाचा आधीच कापलेला आहे, वरून अख्खी शीट चिकटवली आहे आणि आता तो खाचा उघडायचा आहे, अशा वेळी ड्रिलने एक भोक पाडून यालाच आत सोडावं. आतल्या कोपऱ्यात बिटच्या त्रिज्येएवढी गोलाई राहते. ती तशीच राहू द्या. कारागीर लोकांना कोपरा काटकोनात करून द्यायची हौस असते, आणि सिंकच्या कटआउटला काटकोनी कोपरा केला की काही महिन्यांत तिथूनच सनमायकाला केसासारखी तडा जाते. सगळा ताण त्या टोकावर येतो. धातूच्या पार्टला आम्ही आतल्या कोपऱ्यात रेडियस याच कारणासाठी सोडायचो.

आता लांबीचा मुद्दा. हा मी दुकानात कुणालाच विचारताना ऐकलेला नाही. फ्लश बिटच्या धारेची लांबी अर्धा इंच असते, एक इंच असते, त्याहून जास्तही असते. आपल्या माणसाला एक इंची घ्यावासा वाटतो, तेवढ्याच पैशांत जास्त माल. पण शटर असतं १८ मिमीचं. ट्रिमर शटरच्या तोंडावर (दर्शनी बाजूवर) बसतो, बिट खाली लोंबतो, आणि बेअरिंग धारेच्याही खाली. एक इंच धार म्हणजे २५ मिमी. ती पूर्ण बाहेर काढली तर बेअरिंग शटरच्या खाली हवेत जाईल. ते १८ मिमीच्या कडेवर नीट टेकवायचं, बेअरिंगची स्वतःची जाडी ५ मिमी धरायची, म्हणजे वर धारेला जास्तीत जास्त १३ मिमी उरतात. तेवढ्यासाठी अर्धा इंची बिट अगदी बेताचा आहे. एक इंची घेतला तर निम्मी धार ट्रिमरच्या बेसमध्ये (खालच्या बैठकीत) वर खेचून ठेवावी लागते, आणि काही मशिनमध्ये तेवढी वर जातच नाही. लांब बिट लागतो तो दोन प्लाय चिकटवून केलेल्या जाड टॉपला. शटरला नाही.

अर्धा इंची धारेतही कामाला येते किती? सनमायका १ मिमीचा. म्हणजे बारा-तेरा मिमी धारेपैकी फक्त एक मिमीचा पट्टा झिजतो. बाकीची धार कोरी करकरीत! तरी सगळीकडे काय होतं, की कड पांढरट तुटायला लागली की बिट "गेला" म्हणून फेकतात. अहो, गेलेला नाही. ट्रिमरचा बेस दीड-दोन मिमी वरखाली करा, सनमायका धारेच्या नव्या पट्ट्यावर येईल. बेअरिंग कडेवर टेकलेलं आहे ना, एवढं फक्त बघायचं. एका बिटमधून असे चारपाच बिट निघतात. मिस्त्रींना हे दाखवलं त्या दिवसापासून व्हर्निअरवरचं हसणं बरंच कमी झालंय. नव्या बिटला सुरुवात करताना बेअरिंग कडेच्या जितकं खाली टेकेल तितकं टेकवायचं, म्हणजे धारेचा शँककडचा भाग आधी वापरात येतो, आणि मग टप्प्याटप्प्याने बिट वर घेत यायचं. कुठल्या टप्प्यावर आहोत हे लक्षात राहावं म्हणून पुतण्या बिटच्या डबीवर मार्करने रेघा मारतो.

बेव्हल बिटला मात्र ही युक्ती चालत नाही. बेव्हल म्हणजे तिरक्या धारेचा बिट, वर रुंद आणि बेअरिंगकडे निमुळता. सनमायकाची कड तो उतरती कापतो, त्यामुळे बोटाला धार लागत नाही. पण त्याचं खोलीचं सेटिंग फार नाजूक. धारेचं निमुळतं टोक बरोबर सनमायकाच्या तळाशी यायला हवं. बिट एक मिमी जरी जास्त खाली गेला, तरी धारेचा रुंद भाग जॉइंटवर येतो आणि खालच्या पट्टीत घुसतो. कोन किती असावा? ४५ अंशाचा घेतला तर १ मिमीच्या शीटला समोरून बघताना पूर्ण १ मिमी रुंदीची तपकिरी रेघ दिसते, सगळा क्राफ्ट पेपर उघडा. पांढऱ्या शटरवर ती चौकट काढल्यासारखी दिसते. २२ अंशाच्या आसपासचा घेतला तर तीच रेघ ०.४ मिमीवर येते, आणि कड तरीही हाताला मऊ लागते. मी २२ च्या बाजूचा. ज्यांना बिट वारंवार सेट करायचा कंटाळा आहे त्यांनी फ्लश मारावा आणि बारीक कानशीने एकदाच, खालच्या दिशेने, हलका हात फिरवावा. कानस वर ओढली की सनमायका उचकटतो.

क्रमाचं एक वाक्य: आधी कडेच्या पट्ट्या, त्या ट्रिम करायच्या, मग तोंडावरची शीट. तपकिरी रेघ मग बाजूला जाते, समोरून दिसत नाही. आजकाल शटरला पीव्हीसी एज बँडच (कडेला लावायची प्लास्टिकची पट्टी) जास्त लावतात, त्यामुळे हा प्रश्नच अर्धा संपलाय. २ मिमीच्या पीव्हीसीला बेव्हल नाही, २ मिमी त्रिज्येचा राउंड ओव्हर (कड गोल करणारा) बिट लागतो. तो विषय वेगळा आहे. तिथे धार झिजत नाही, पीव्हीसी वितळून चिकटतं.

स्पायरल बिटबद्दल फार विचारणा होते. पीळ असलेला सॉलिड कार्बाईडचा बिट सरळ धारेपेक्षा साफ कापतो यात शंका नाही, पण पीळ कुठल्या दिशेचा हे बघून घ्यावं. धातूच्या कामातला एंडमिल, म्हणजे असाच पिळाचा कटर, बर (कापलेला कीस) वर ओढून काढतो, तो अपकट. तोच सनमायकावर चालवला तर ट्रिमरच्या बाजूला, म्हणजे डिझाईनच्या थराला, वर उचकटतो. इथे हवा डाउनकट, जो शीटला प्लायवर दाबत कापतो. किंमत सरळ धारेच्या मानाने बरीच जास्त असते. हाताने ट्रिमर चालवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला तेवढ्या पैशांत दोन पक्क्या मापाचे सरळ बिट घेणं परवडतं, असं माझं मत. बारा-पंधरा बिटांचे लाकडी पेटीतले सेट तर घेऊच नका. त्यातले सनमायकाला लागणारे दोन, आणि नेमके तेच कच्च्या मापाचे असतात.

चालवण्याबद्दल थोडं. शटर आपल्यासमोर, कड आपल्याकडे, तर ट्रिमर डावीकडून उजवीकडे न्यायचा. बिट वरून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे या दिशेने नेल्यावर धार समोरून येऊन भिडते आणि मशिन ताब्यात राहतं. उलट नेलं तर ट्रिमर आपणहून पळतो. सात फुटी वॉर्डरोबच्या शटरची एक लांब कड मिनिटाला ३ मीटर वेगाने साधारण चाळीस सेकंदांत उरकली पाहिजे. दोन धारा, तीस हजार आरपीएम, म्हणजे मिनिटाला साठ हजार कट; प्रत्येक कटला ०.०५ मिमी माल. नवशिका भीतीने हळू जातो, मिनिटाला एक मीटर, आणि मग प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१७ मिमी येतो. एवढ्या बारीक कटाला धार कापत नाही, घासते. सनमायका जळतो आणि धारही लवकर जाते. बाहेर आलेली शीट जितकी कमी, तितकं सोपं. तीन-चार मिमी पुरे. काही कारागीर वीस-पंचवीस मिमी बाहेर ठेवतात आणि सगळं बिटकडून काढून घेतात. मग तो लटकता तुकडा फडफडतो आणि कोपऱ्याशी पोचता पोचता टवका उडवतो. आणि चष्मा, मास्क. सनमायकाचे कण गरम उडतात आणि त्यांचा वास काही फुलांचा नसतो.

धार लावून आणावी का, हाही प्रश्न असतो. आमच्या बाजूला कार्बाईडची कटर ग्राइंड करून देणारे आहेत, इतरही औद्योगिक वसाहतींत सापडतील. लावताना फक्त धारेची सपाट, आतली बाजू घासून घ्या असं बजावून सांगावं. बाहेरून घासला तर व्यासाचा बट्ट्याबोळ. आतून घासला तरी व्यास थोडा कमी होतोच. परवाच एक बिट लावून आणला, धार १२.५६ आली. बेअरिंग अर्थात १२.७० च. म्हणजे कडेवर ०.०७ ची पायरी. त्या डबीवर पुतण्याने "रफ" असं लिहून ठेवलंय. पहिला हात त्याचा, आणि शेवटचा हात नव्या बिटचा, जेणेकरून नव्याच्या धारेला कापायला जेमतेम कागदभर माल उरतो. असा वापरलेला नवा बिट किती जास्त टिकतो ते अजून बघतोय. मिस्त्रींना दोनदा ट्रिमर फिरवायचा कंटाळा येतो, त्यामुळे मी वर्कशॉपवर नसलो की रफची डबी उघडतच नाही, असा मला दाट संशय आहे.